झाकून ठेवलेलं उत्तर

प्रिय शंकासुरा,

हे नाव तुला मीच ठेवलं, तेव्हा तेवढा हक्क अजून शाबूत आहे असं धरून चालते. तू शाळेत गणित शिकवतोस आणि तुझी लेक तुझ्याहून जास्त प्रश्न विचारते, असं ऐकलं. बरी जिरली तुझी!

इथे सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या टेबलावर आता प्रिंटर बसलाय, खिडकी अजून नीट लागत नाही. नव्या सहकारी बाईंनी आपलं जुनं मोजमाप दसपट दीर्घिका घेऊन पुन्हा केलं. लेकीने विचारलं तर सांग, दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या द्रव्यामुळे वाकतो आणि त्या किंचित ताणलेल्या दिसतात. त्या ताणावरून विश्वात द्रव्य किती, ते आपण काढत होतो. तू म्हणायचास, शेजारशेजारच्या दीर्घिका मुळातच एकीकडे कललेल्या असतात, तो कल वेगळा काढला नाही तर आपण त्यालाच ताण समजून बसू. ते मलाही मान्य होतं. वाजलं ते कल किती बारकाईने मांडायचा यावरून. माझ्या मांडणीत सगळ्यांना एकच आकडा, तुझ्यात लाल दीर्घिकांचा कल वेगळा, निळ्यांचा वेगळा. भर बैठकीत मी म्हणाले, हा राईचा पर्वत करतोय. माझ्या बाजूने अकरा हात वर गेले. महिन्याभरात तू टेबल आवरलंस.

तर, तुझं बरोबर निघालं. लाल दीर्घिका चांगल्याच कललेल्या आहेत, निळ्या जवळजवळ नाहीतच. आपलं छापलेलं उत्तर चुकलं. असं होतंच, म्हणून सगळे चहाला गेले. मीही गेले.

निर्णय पक्के होईपर्यंत खरं उत्तर कुणी पाहायचं नाही, संगणकाने त्यात एक गुप्त आकडा मिसळून ते झाकायचं, हा नियम तूच आणला होतास. मतदानाआधी तू एवढंच विचारलंस, की उत्तर कुणी आधीच पाहिलंय का. सगळ्यांना तो अपमान वाटला. सगळ्यात जास्त आकांडतांडव मी केलं, आणि त्यानंतर तुझ्याशी कुणी धड बोललं नाही. आदल्या दुपारी गुप्त आकडा न मिसळलेली फाईल चुकून माझ्यासमोर उघडली होती. ती मी बंद करू शकले असते. मी दोन्ही मांडण्या तिच्यावर चालवून पाहिल्या. माझ्या मांडणीने उत्तर सगळ्यांना हवं होतं तिथे आलं, तुझ्या मांडणीने भलतीकडेच गेलं. उद्या दहाच्या बैठकीत हे सांगणार आहे. गटप्रमुखपदाचा राजीनामा टाईप करून ठेवलाय. त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र आजच हाती पडेल असं पाठवतेय. हो, पाहिलं होतं. मी पाहिलं होतं. मला फार लाज वाटते.

तुझीच,
समोरच्या टेबलावरची