अण्णांचं बरोबर उत्तर

तीर्थरूप अण्णा,
लांबूनच पाया पडतो.

मी मजेत आहे. गोदामातलं काम अंगवळणी पडलंय. तुमच्या इतिहासाच्या प्रश्नाचं उत्तर: शंभर वर्षांचं युद्ध एकशे सोळा वर्षं चाललं. आणि माझ्या फुटबॉलच्या प्रश्नाचं तुमचं उत्तर बरोबर! हाताने आत फेकलेला थ्रो-इन थेट स्वतःच्याच गोलात गेला, तर गोल धरत नाहीत, समोरच्या संघाला कॉर्नरच देतात. मानलं तुम्हाला! डोळ्यांना आता बरं आहे का?

ताई, इथून पुढचं अण्णांना वाचून दाखवू नकोस. ते सांगतात आणि तू लिहितेस, हे ठाऊक आहे. पण फुटबॉलचं बरोबर उत्तर त्यांनी जन्मात दिलेलं नाही. दर वेळी चुकायचे आणि वर 'असला कसला नियम' म्हणून माझ्यावरच डाफरायचे. या वेळी नुसतंच अचूक उत्तर आलंय.

खरं सांग, अण्णा बोलतात ना गं?

तुझा,
धाकटा