पालकाची सही

नोएडा, २० जून २०२५

चि. सौ. देवयानीस, अ. उ. आ.

इथे मोबाइल ऑफिसात जमा असतो आणि बोलताना मॅनेजर शेजारी उभा राहतो, म्हणून हे पत्र. तब्येत ठणठणीत आहे, जेवणही बरे असते. डोके मात्र तापले आहे. आमच्या वृद्धनिवासात नवा नियम आलाय, फाटकाबाहेर जायचे तर पालकाची सही हवी. जन्मभर शाळेत मी मुलांकडे पालकाची सही मागितली, आता हे माझ्याकडे मागतात.

माझी पालक म्हणून तुझे नाव आहे, तू करशील सही. पण शेजारच्या खोलीतल्या विजयालक्ष्मीचे काय? दर महिन्याला ती तुमच्या आर. के. पुरमच्या मलाई मंदिरात जायची. मुलगा मेलबर्नला, सहीचा कागद पाठवला तर उत्तरच देत नाही. बिचारी गच्चीवरून हात जोडते. लहानपणी माझ्याशी इतके वाद घालायचीस, आता वकील झाली आहेस, त्याचा काही उपयोग कर.

जयंतरावांना आशीर्वाद, इशिताला गोड पापा. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी कुमुदआत्या


आर. के. पुरम, १४ जुलै २०२५

ती. कुमुदआत्यास, सा. न. वि. वि.

तुम्हा दोघींच्या वतीने ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या जिल्हा समितीकडे अर्ज केला आहे. म्हणणे सरळ आहे, वय झाले म्हणून कोणी पुन्हा अल्पवयीन होत नाही. मोबाइल परत द्या आणि जिल्ह्यातल्या सगळ्याच वृद्धनिवासांना हे लागू करा, असेही मागितले आहे.

आता गंमत बघ. सुनावणीला यायचे तर तुला माझी सही लागेल, आणि ती मी करणार नाही. केली तर तो नियम आपणच मान्य केल्यासारखे होईल. समितीनेच तिकडे यावे, अशी विनंती केली आहे. ती मानली नाही तर तुमची बाजू न ऐकताच अर्ज फेटाळला जाईल. जयंत म्हणतो, तू भाची आहेस की दगड. मला झोप लागत नाही. चुकत असेन तर कान धर.

इशिता तुझ्या बेसनाच्या लाडवांची आठवण काढते. माया अशीच असू दे.

तुझी देवयानी


नोएडा, ३० जुलै २०२५

चि. सौ. देवयानीस, अ. उ. आ.

सोबतची चिठ्ठी जयंतरावांना परत दे. तुझ्या नकळत त्यांनी स्वतःच्या सहीने परवानगी पाठवली होती. प्रेमापोटी केले, रागावू नकोस. पण तिच्या जोरावर मी एकटी बाहेर पडले असते, तर विजयालक्ष्मीला काय तोंड दाखवले असते?

काल समिती आली तेव्हा वकिलांना फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे ठेवले होते, तुला ऐकू आले नसेल, म्हणून आतले सांगते. अध्यक्षबाईंनी विचारले, नेमकी अडचण काय? मी म्हटले, दाखवते. विजयालक्ष्मीचा हात धरला आणि फाटकाशी गेले. गार्डने नेहमीसारखा हात आडवा केला आणि विचारले, माताजी, आपका गार्जियन कौन है? मी म्हटले, मैं ही हूँ. मग त्याने विजयालक्ष्मीकडे पाहिले. ती कधी मोठ्याने बोलत नाही, पण तीही म्हणाली, मैं ही हूँ. मॅनेजर सुरक्षेचे काहीबाही सांगत होता, बाई त्याच्याकडे न बघता भिंतीवरचा नियम वाचत राहिल्या.

जाळीतून तुझा काळा कोट दिसत होता. सही करून मला सोडवणे तुला सोपे होते, ते तू केले नाहीस. मला तुझा फार अभिमान वाटला. तोंडावर मी हे कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

तुझी आत्या


आर. के. पुरम, १८ ऑगस्ट २०२५

ती. कुमुदआत्यास, सा. न. वि. वि.

आदेश आला. नियम रद्द, मोबाइल ज्याचा त्याच्या हाती, आणि हे जिल्ह्यातल्या प्रत्येक वृद्धनिवासाला बंधनकारक. अध्यक्षबाईंनी आदेशात तुझे ते तीन शब्द जसेच्या तसे घातलेत. वाचताना मला रडू आले. अर्ज माझा होता आत्या, पण केस तू जिंकलीस.

गणपतीला जयंत गाडी घेऊन येईल, तयार राहा.

तुझी देवयानी


नोएडा, २२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. देवयानीस, अ. उ. आ.

गाडी पाठवू नकोस. बोटॅनिकल गार्डनहून मेट्रो थेट तुमच्याकडे येते. मी आणि विजयालक्ष्मी येतोय. आधी मलाई मंदिर, मग मोदक. तिने आत्ताच साडी काढून ठेवली आहे.

मोबाइल हातात आलाय, हे फोनवरही सांगता आले असते. पण हे पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत मला स्वतः जाऊन टाकायचे होते.

तुझी आत्या आणि स्वतःची पालक,
कुमुद