एकशे चाळीस मीटर कापडाचे पाय

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.१५
आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या माणसाकडे नोंदी असाव्या लागतात. माझा हुद्दा : माती व गाळ नियंत्रण प्रमुख. मामा फक्त ‘ओढ्यावर लक्ष ठेव’ एवढंच म्हणाला होता. हुद्दा मी तयार केला, शुद्ध लिहिला आणि लॅमिनेट करून खिशाला लावला.
काम असं : गावामागचा ओढा कोणीतरी पूर्वी गटारासारखा सरळ करून टाकला होता. आता तो पुन्हा वळणावळणाचा करायचा आणि काठावर झाडं लावायची. कंत्राट मामाचं. खोदकामाची माती पाण्यात उतरू द्यायची नाही, ही जबाबदारी माझी. २८ तारखेला इंजिनिअर मॅडमची तपासणी. पाणी स्वच्छ असेल तर मामा मला कायम करणार. गढूळ असेल तर मॅडम काम बंद पाडणार आणि मामा मला आईकडे परत करणार. (पावती घेऊन, असंही म्हणाला.)
डिप्लोमाचं दुसरं वर्ष मी सोडलं होतं, दोन्ही बाजूंच्या संमतीनं. त्यामुळे ही संधी महत्त्वाची.
संकल्प : १. साडेपाचला उठणे. २. नखं न खाणे. ३. बारीकसारीक गोष्टींसाठी मामाला फोन न करणे. ४. घाबरण्यासाठी संध्याकाळी साडेसहा ते सात ही वेळ राखून ठेवणे, इतर वेळी घाबरू नये.

मंगळवार, ४ मार्च
उठलो ७.१०. घड्याळाचा दोष.
साइटवर पोकलेनवाले काका. तीस वर्षं मशीन चालवतात. एवढं मोठं धूड, पण बकेटनं माती अशी उचलतात जशी आई डब्यातून साखर काढते. मला साहेब म्हणतात. आवाजात आदर आहे. थोडा खोकलाही आहे.
सरळ ओढा वाकडा करायचा हे मनाला पटत नाही. मला सरळ रेघ आवडते. पण वरिष्ठांचा निर्णय.
साइटवर एक पिवळा कुत्रा आहे. रजिस्टरमध्ये नोंद केली : अनधिकृत उपस्थिती, एक.

गुरुवार, ६ मार्च. सायंकाळी ५.३०
मोठा दिवस. गाळ अडवायच्या काळ्या कापडाचे गठ्ठे आले. खोदकाम आणि ओढा यांच्या मधे हे कापड खुंट्यांवर कुंपणासारखं उभं करायचं. पावसाचं पाणी कापडातून गळून जातं, माती अलीकडे अडते. एकशे चाळीस मीटर. दोरी लावली, दर दोन मीटरला खुंटी, प्रत्येक खुंटी ओळंब्यानं तपासली.
कंपनीच्या कामात मात्र ढिसाळपणा. प्रत्येक गठ्ठ्याला खालच्या बाजूनं वीतभर कापड जास्त. जमिनीवर लोळत होतं, अगदी गबाळं दिसत होतं. ताईची मोठी कात्री आणली आणि एकशे चाळीस मीटर सगळं सारखं कापून काढलं. कापलेल्या पट्ट्या फेकल्या नाहीत. दहा-दहा मीटरच्या चौदा गुंडाळ्या केल्या, चिठ्ठ्या लावून शेडमध्ये रचल्या. रजिस्टरमध्ये नोंद केली.
काका मशीन थांबवून बघत होते. म्हणाले, साहेब, त्याचे पाय का कापले? मी त्यांना टापटिपीचं महत्त्व सांगितलं. ते बरं म्हणाले आणि मशीन सुरू केलं.
गठ्ठ्याबरोबर माहितीचा कागद होता. इंग्रजीत, पण चित्रं आहेत. चित्रात कापडाच्या खाली जमिनीत एक शेपूट गेलेलं दाखवलं आहे. सावली असावी. छपाई हलकी.

शनिवार, ८ मार्च
पाणी तपासणीची पद्धत बसवली. काचेच्या बाटलीत ओढ्याचं पाणी घ्यायचं, खाली पांढऱ्या कागदावर काळी फुली. वरून फुली दिसली की पाणी पास.
वेळ : सकाळी ७.००, कारण काम आठला सुरू होतं आणि नंतर गर्दी असते. जागा : वरचा साकव, म्हणजे खोदकामाच्या वर. खालच्या वळणावर चिखल आहे आणि माझे बूट नवे आहेत.
निकाल : फुली लख्ख. पास.

सोमवार, १० मार्च
फुली लख्ख. सलग तिसरा दिवस.
दुपारी ताईचा फोन. तिची रोपवाटिका ओढ्यावरच, एक किलोमीटर खाली. आपल्या काठावर लावायची चार हजार रोपं तीच वाढवते आहे. तिचा वर्षातला सगळ्यात मोठा व्यवहार. २८ तारखेलाच मॅडम ती बघून ताब्यात घेणार. ताई म्हणाली, पंपातून चहा येतोय, फिल्टर दिवसातून तीनदा धुतेय. मी म्हटलं, फिल्टर बदल. ती म्हणाली, फिल्टर नवाच आहे रे शहाण्या. मी म्हटलं, मग नव्या फिल्टरमध्ये दोष असेल.
नोंद केली : बाह्य तक्रार, एक. निकाली.

बुधवार, १२ मार्च
इंजिनिअर मॅडम अचानक आल्या! रस्त्यावरूनच, गाडीतून न उतरता बघितलं. म्हणाल्या, रेघ मारल्यासारखं उभं केलंय हो. (हे वाक्य मी जेवताना आईला चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी ती म्हणाली, भाजी गार होतेय.)
मॅडमनी विचारलं, जमिनीत नीट गाडलंय ना? मी म्हटलं, दोन-दोन फूट, मॅडम. खुंट्या खरंच दोन-दोन फूट आहेत. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि गाडी गेली. काकांना एकदम मोठा खोकला आला.

शुक्रवार, १४ मार्च
काल हलकी सर येऊन गेली. सकाळी कापड तपासलं. अलीकडे मातीचा कणही साचलेला नाही. म्हणजे आपल्याकडे माती वाहतच नाही. एवढं स्वच्छ कापड काकांनीही कधी पाहिलं नसेल. त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, नाही साहेब, कधीच नाही.
कुत्रा कापडाखालून आरामात येतो-जातो. फार बारीक कुत्रा आहे. कोणीतरी खायला घालायला हवं.

सोमवार, १७ मार्च
ताई स्वतः आली. हातात रोपांचा ट्रे. पानांवर मातीचा थर वाळलेला, जणू कोणी पिठात बुडवून काढली. म्हणाली, ठिबकच्या नळ्या तुंबल्यात, टाकीच्या तळाशी बोटभर गाळ आहे, असंच चाललं तर २८ तारखेला मी मॅडमना काय दाखवू, काड्या? मी तिला धीर दिला. म्हटलं, झाडं शेवटी मातीतच वाढतात.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी तिच्या वहीवर दौत सांडली होती तेव्हा अशीच बघत होती. मग काकांना म्हणाली, काका, तुम्ही तरी सांगा. काका म्हणाले, मी सांगितलं होतं ताई, पण साहेबांनी मला टापटीप शिकवली.
मी तिला माझं रजिस्टर दाखवलं. दहा दिवस फुली लख्ख. तिनं पाणी कुठून घेतो ते विचारलंच नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, कारण तो तांत्रिक भाग आहे.
जाताना कात्री मागितली. दिली.
नखं : दोन.

गुरुवार, २० मार्च. रात्री ९.३०
शनिवारी जोराचा पाऊस, असा अंदाज. अकरा कलमी पाऊस योजना लिहिली, लॅमिनेट केली. कलम ७ : शांत राहणे.
काका म्हणाले, साहेब, अर्ध्या दिवसात मी कापडालगत वीतभर खोल चर मारून देतो, कापडाची खालची कड त्यात दाबून माती लोटू. मी म्हटलं, पण दाबायला कापड उरलंय कुठे, खुंटीला बरोबर जमिनीपर्यंतच आहे. काका म्हणाले, तेच म्हणतोय मी.
घरी येऊन माहितीचा कागद पुन्हा पाहिला. सावली असती तर एका बाजूला पडली असती. ही सरळ खाली गेली आहे. आणि तिच्याशेजारी बाण आहे. सावलीला कोणी बाण काढत नाही.
छपाईची चूकही असू शकते. यावर उद्या विचार.
घाबरण्याची वेळ संपली ७.००. प्रत्यक्षात थांबलो ९.२०.

शुक्रवार, २१ मार्च
विचार केला नाही. खुंट्या पुसल्या.

शनिवार, २२ मार्च
दु. १.५०. आभाळ काळं. योजना हातात. तयारी पूर्ण.
दु. २.१०. पाऊस.
दु. २.२५. कापड एक इंचही हललेलं नाही. एकही खुंटी वाकलेली नाही. पाणी सगळंच्या सगळं खालून जातंय, एकशे चाळीस मीटर, एका रेषेत. त्याबरोबर नव्या वळणाचा काठही जातोय.
दु. २.३०. कलम ७ जमत नाही.
दु. २.३५. खालच्या वळणावर गेलो. बूट गेले. बाटली भरली. फुली दिसत नाही. कागदही दिसत नाही. बाटलीच्या पलीकडचं माझं बोट दिसत नाही.
दु. २.४०. ताईचा पंप तीन वाजता आपोआप सुरू होतो. टाकी भरते, टाकीतून नळ्यांत, नळ्यांतून चार हजार कुंड्यांत.
दु. २.५२. ताईला फोन केला. म्हटलं, पंप बंद कर, आत्ता. ती म्हणाली, का, फिल्टर बदलून आणू का? मी म्हटलं, फिल्टर चांगला आहे. फिल्टर पहिल्यापासून चांगला होता. घाण आमची आहे. ती म्हणाली, थांब, आणि पळाल्याचा आवाज.
दु. ३.०१. ताईचा मेसेज : बंद केला.
नंतर वेळा लिहिल्या नाहीत. काका मशीन घेऊन खाली उतरले आणि तोडलेल्या झुडपांचा ढीग बकेटनं उचलून काठावर आणला. ओरडले, साहेब, बांधायला काही आहे का? मी शेडमध्ये पळालो. चौदा गुंडाळ्या. फांद्यांचे भारे बांधले आणि वळणाच्या तोंडाशी एकावर एक दाबले. संध्याकाळपर्यंत भाऱ्यांमागे गुडघाभर गाळ अडला होता. काका म्हणाले, पाय मिळाले बघा शेवटी.
पट्ट्यांची टापटीप कामी आली, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. पण आज घेत नाही.

शुक्रवार, २८ मार्च. दुपारी १.३०
तपासणी. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.
मॅडमनी आधी रजिस्टर मागितलं. म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे. मग ६ तारखेवर थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं : ‘खालचे जादा कापड एकशे चाळीस मीटर काटेकोरपणे कापून व्यवस्थित गुंडाळून ठेवले.’ पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मामाकडे बघून. मामा खुर्चीवर बसला. खुर्ची नव्हती, सिमेंटची गोणी होती.
मॅडमनी विचारलं, पाण्याचा नमुना कुठून घेता? वरचा साकव दाखवता आला असता. मी म्हटलं, वरून घेत होतो मॅडम, म्हणून चांगला येत होता. आणि कुणी न सांगता त्यांना खालच्या वळणावर घेऊन गेलो, बरोबर बारा वाजता, मशीन चालू असताना. बाटली भरली. फुली दिसली, पण चष्मा विसरलेल्या माणसाला दिसावी तशी.
मॅडम काकांच्या भाऱ्यांपाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग ताईची रोपं बघायला गेल्या. शंभरेक दगावली होती, बाकीची तरारलेली. ताईनं शनिवारचं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, पंप वेळेवर बंद झाला, ओढ्यावरून फोन आला होता.
निकाल : काम बंद नाही. सगळं कापड काढून नवं लावायचं, पायांसकट गाडून. तोवर नवीन खोदकाम नाही.
मामा म्हणाला, तुला कायम केलंय. मी आभार मानायला तोंड उघडलं. तो म्हणाला, थांब, कशावर ते ऐक. पोकलेन वळणाचा वाहून गेलेला काठ बांधायला लागेल, तुला मशीन मिळणार नाही. चर हातानं मारायचा. तू. काका सांगतील तसा.
खिशावरचं हुद्द्याचं कार्ड काढून ठेवलं. लॅमिनेशन चांगलं झालं होतं.

सोमवार, ३१ मार्च. सायंकाळी ६.००
उठलो ५.३०. फावड्याच्या स्वप्नानं.
सकाळी आठ ते संध्याकाळी पाच : चर नऊ मीटर. पुढे अजून जुनंच कापड. नव्या कापडाचे पाय आत, वरून माती, वरून धुम्मस. काकांनी पायानं दाबून बघितलं, मान हलवली. दोन्ही हातांना फोड. नखं खाता येत नाहीत, चिखलानं भरली आहेत. संकल्प २ पूर्ण.
पाचला कुत्रा आला. नेहमीच्या जागी कापडाखाली डोकं घालायला गेला. जाईना. नाक दाबून बघितलं, पंजानं खरवडलं, माझ्याकडे बघितलं. काका मशीनवरून ओरडले, साहेब, उभे राहा, तपासणी अधिकारी आलेत. मी खरंच फावडं टेकून उभा राहिलो.
कुत्रा कापडाला नाक लावून कडेकडेनं निघाला. एक मीटर, दोन मीटर, एक-एक जागा हुंगत. नऊ मीटर. छाती भरून आली. असं कधी वाटलं नव्हतं.
दहाव्या मीटरला तो खाली वाकला आणि आत आला.