गोंदावर उभी माणसं

३ मार्च, सोमवार

शी! आजपासून आमच्या वास्तुरचनेच्या ऑफिसात ‘प्रेरणेची भिंत’. साहेबांचा हुकूम — दर सोमवारी प्रत्येकानं एक चित्र टाचायचं. कुठल्याशा संग्रहालयाचा पिळलेला जिना, उलट्या छत्रीसारखं छप्पर, बसताच येणार नाही अशी खुर्ची! कोणीतरी वाळूच्या टेकड्यांचा फोटो लावलाय. साहेब त्याच्यासमोर पाच मिनिटं डोळे मिटून उभे. फोटो बघायला डोळे मिटतात म्हणे!

४ मार्च

झालं! वृद्धांच्या विरंगुळा केंद्राची जमीन आता सपाट नाही. त्या फोटोतल्या वाळूसारखी, लाटांची! “म्हाताऱ्यांनाही नावीन्य हवं,” इति साहेब. आमच्याच गल्लीच्या टोकाला होणार आहे ते केंद्र. बाबा दिवस मोजताहेत. चाळीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवून त्यांचे गुडघे गेलेत.

मॉडेल अर्थात मीच करायचं. पुठ्ठा कापणारीला कोण विचारतंय?

७ मार्च

पुठ्ठ्याचे थर चिकटवले, घासले. नाकातोंडात भुसा. आणि मेलं दिसतंय सुंदर! त्याचीच जास्त किळस येते.

मग नखाएवढी माणसं उभी करायला घेतली. एक उभं राहील तर शपथ! काठीवाली आजी तीनदा घसरली. साहेबांना नेऊन दाखवलं.

“अगं, मग गोंद लाव की!”

लावला. अठ्ठावीस जणांच्या तळव्यांना. हात तीनदा धुतले, तरी वास जात नाही.

९ मार्च, रविवार

रंगवायला मॉडेल घरी आणलं. बाबा चष्मा सावरत वाकले. आजीला बोटानं हळूच ढकललं. हलली नाही.

“चिकटवलीस?”

“मॉडेल आहे बाबा. चिकटवतातच.”

“आम्ही फरशीवर गोटी ठेवून बघायचो. घरंगळली की उखडायची फरशी. मालक वा वा म्हणत असला तरी.”

“तुम्हाला यातलं काही कळत नाही!” खेकसलेच मी. बाबा भिंतीला हात लावत लावत आत गेले. जेवताना मीठही मागितलं नाही त्यांनी.

११ मार्च

परवा मंजुरीसाठी नगर समिती येणार. साहेब शीळ घालत फिरताहेत. 

१३ मार्च

समिती आली. त्याआधीच मी ब्लेडनं सगळ्यांचे पाय सोडवले होते. साहेबांनी ऐटीत कापड उचललं — अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आडवी!

“गोंद कुठे गेला?” साहेब ओरडले.

“खऱ्या माणसांना कुठला लावणार?” म्हटलं.

समितीच्या बाई म्हणाल्या, जमीन सपाट करून आणा. माझ्या नोकरीचं उद्या कळेल. साहेब एवढंच पुटपुटले, “तू? तूच?”

त्यांना माहीत होतं. वाळूचा फोटो मीच टाचला होता. ते डोळे मिटून उभे राहिले, तेव्हा केवढी फुलून गेले होते मी! आणि इथे, माझ्याच वहीत, ‘कोणीतरी’ लिहिलं.