कळवू नये

५ जानेवारी, सोमवार

घड्याळ काढून घेतलं. मोबाइलही. आत आलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, एवढंच नक्की. यापुढच्या तारखा माझ्या अंदाजाच्या — एक झोप म्हणजे एक दिवस.

झरी जामणीच्या जंगलातली ही बंद खाण. बोगद्यात दोनशे पावलांवर लोखंडी दार, त्यामागे दोन खोल्या. पुढे कधी माणसं चंद्रावर राहायला गेली तर अशीच जमिनीखालच्या पोकळीत राहतील म्हणतात. ऊन नाही, घड्याळ नाही — डोकं ठिकाणावर राहतं का, ते आमच्यावर तपासायचं. तीस दिवस! मी आणि माहनूर. ती पुसदला दवाखान्यात नर्स, मी तिथेच शाळेत विज्ञान शिकवते.

तिच्या अब्बांनी, नासिरचाचांनी, त्यांच्या गॅरेजच्या जीपमधून सोडलं. "चंद्रावर पंक्चर झालं तं मलेच बोलवा!" दार लागेपर्यंत हसत होते.

बाहेर प्रयोगावर देखरेख करणारे सदाशिवराव बसतात. स्पीकरवर बोललं की त्यांचं उत्तर अडीच सेकंदांनी येतं. मुद्दाम. चंद्रावर तेवढाच उशीर लागेल म्हणून.

६ जानेवारी

तो कागद डोक्यातून जात नाही. आत येण्याआधी भरून घेतला — घरी कोणाचं बरंवाईट झाल्यास कळवावे की कळवू नये? माहनूरने लगेच 'कळवावे'वर खूण केली. मी 'कळवू नये'.

सातवीतली वैष्णवी एकदा विचारत होती, "मॅडम, अंतराळात असताना घरचं कोणी मेलं तं कोण सांगते?" मी वाचलेलं सांगितलं. एका रशियन अंतराळवीराचे वडील तो वर असताना गेले. खाली उतरेपर्यंत त्याला सांगितलंच नाही. पुढे एका अमेरिकन अंतराळवीराला आई गेल्याचं वरच कळवलं.

उमरखेडला बाबांना मागच्या वर्षी अटॅक येऊन गेला. तरी मी 'कळवू नये' लिहिलं. कळून करणार काय? मंगळावरून तर परतायलाच कितीतरी महिने! सही करताना फार शूर वाटलं होतं.

९ जानेवारी

पाणी ठिबकतं. कुठे, ते सापडत नाही.

१२ जानेवारी

दिवा तसाच. भिंत तशीच. आज भात शिजवला आणि मग आधीच शिजवलेला भात दिसला. जेवलो होतो का? दोघींनाही आठवेना. खूप हसलो. मग एकदम थांबलो.

स्पीकरवर बोलून झालं की ते अडीच सेकंद फार मोठे वाटतात. जणू मधे कोणीतरी तिसरं वाकून ऐकतं आणि मगच पुढे पाठवतं.

१५ जानेवारी

माहनूर हेडफोन लावून बराच वेळ बसली होती. नुसतं "हो... हो सर." मी विचारलं, काय म्हणत होते? "काही नाही. बीपीचं." बीपीचं मशीन कपाटात होतं. बंद.

१६ जानेवारी

सदाशिवराव — "जेवल्या का बेटा दोघी?"

बेटा! हा माणूस आजवर आकड्यांशिवाय बोललेला नाही.

१७ जानेवारी

कुजबुजीने जाग आली. पडद्यामागे माहनूर, भिंतीकडे तोंड. ओठ हलत होते. मी हाक मारली नाही.

नंतर चहा पिताना म्हणाली, "प्रियंका, इथं पश्चिम कुठली असन वो?"

सांगता आलं नाही. विज्ञान शिकवते मी!

१९ जानेवारी

"तुह्ये बाबा तुले शाळेत कसे न्यायचे?"

न्यायचे. गेलेल्या माणसाबद्दल विचारतात, तसं विचारलं. सांगितलं — सायकलच्या दांडीवर, समोर टॉवेलची घडी घालून. ती डोळे गच्च मिटून ऐकत राहिली. मग न विचारताच माझ्या डोक्याला तेल लावलं.

बाबा गेले. हिला सांगून ठेवलंय, मला सांभाळ म्हणून.

२० जानेवारी

विचारू शकत नाही. सही माझीच.

२२ जानेवारी

बोगद्यातून पावलं ऐकू आली. चपला फरफटत, सावकाश. बाबाच असे चालतात! दाराला कान लावला. लोखंड बर्फासारखं गार. पावलं दाराशी येऊन थांबली. कडीचा आवाज नाही. काहीच नाही.

बाजूला माहनूर येऊन उभी राहिली. तिनेही कान लावला.

"तुलेही ऐकू येऊन राह्यलं?" मी विचारलं.

"रोजच," ती म्हणाली.

आम्ही दोघी किती वेळ तशाच उभ्या होतो, कोण जाणे.

२३ जानेवारी

स्पीकरचं बटण दाबलं. "सर, माझे बाबा —" आणि सोडून दिलं. अडीच सेकंद. मग, "बोल बेटा."

"काही नाही," मी म्हणाले.

माहनूर सगळं पाहत होती. काहीतरी सांगायला तोंड उघडलं तिने. मी दोन्ही कानांवर हात ठेवले.

४ फेब्रुवारी, बुधवार — खरी तारीख

दार उघडलं! माझ्या हिशोबाने आज चोवीस जानेवारी. अकरा दिवस कुठे गेले?

उजेडाने डोळे उघडेनात. आणि दारात बाबा. मी किंचाळलेच. गळ्यात पडून किती रडले — जिवंत, घामेजलेले, आईच्या हातचा स्वेटर घातलेले बाबा! त्यांनी मला थोपटलं, मग हळूच बाजूला केलं. पुढे जाऊन माहनूरच्या डोक्यावर हात ठेवला.

वीस जानेवारीला नासिरचाचा गेले. गॅरेजमध्येच, बसल्या बसल्या. त्याच दिवशी, माझ्या वहीतल्या पंधरा तारखेला, तिला कळवलं होतं. दार उघडायला तयार होते. ती नको म्हणाली.

"काहून गं?" मला एवढंच विचारता आलं.

"मी निघाली असती तं तुले समजलं असतं ना, कोणाच्या तरी घरी झालं म्हून," ती म्हणाली. "तू तं 'कळवू नये' लिहिलं होतं."