लेकीच्या घरचं पाणी

शेजारणीच्या घरचं पाणी तुला चाललं, माझ्या घरचं नाही. आधी हे बोलून घेते, मग बाकीचं. आये, तू मैंदर्गीहून भर उन्हात सोलापूरला आलीस, ओठ सुकलेले, आणि मी पुढं केलेला तांब्या बाजूला सारलास. "लेकीला पोर झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी पिऊ न्हाई." का, म्हटलं तर, "तुज्या बापाला इचार." आणि शेजारणीच्या उंबऱ्यावर बसून घटाघटा प्यायलीस. ती बाई मला कितीतरी दिवस ऐकवत होती. मला पोरगा झाला तोवर तू गेलीस. आता त्याची पोरं माझ्या डोक्यावर नाचतात.

परवा कोकणात लेकीकडं गेले होते. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पोर नाही. मी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्याची कळशी घेऊन गेले. कळशी संपली तशी शेजाऱ्याच्या दारात जाऊन प्यायले. लेक दारातून बघत होती. तुझ्याकडं मीही तशीच बघत होते.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिनं मला समुद्रावर नेलं. दोन्ही अंगांनी काळे खडक पुढं आलेले, मध्ये ओसरीएवढी वाळू, आणि कड्याच्या पोटात गुहा. दुष्काळात खडी फोडायला जात होते तेव्हा एवढे दगड बघितले, पण त्यांच्यामागं पाणी नव्हतं. इथं आहे तर तोंडात धरवत नाही. गुहेत लाट शिरली की छातीत धडधडतं. आत वरच्या कपारीतून पाणी ठिबकत होतं. लेकीनं ओंजळ धरली, भरेपर्यंत तशीच उभी राहिली, मग माझ्यापुढं केली.

"गोड हाय. हे काय माज्या घरचं न्हाय. आता तरी पी."

मी प्यायले. घरी आल्यावर तिच्या माठातलं आपल्या हातानं ओतून घेतलं. ती पाठ फिरवून भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाला आड होता, सगळ्यांचा. तुला तिथं नेऊन मी ओंजळ धरली असती तर चाललं असतं. मला सुचलं नाही. रागात होते.

हा कागद टपालात पडायचा नाही, पिठाच्या डब्याखाली राहील. पण तू प्यायली असतीस का, ते सांग. तूच सांगायचं. बापाला मधी घालायचं न्हाय.