अक्काने छाटलेल्या कुंड्या

१२ फेब्रुवारी
दुकानातून आलो तर गॅलरीत उजेड जास्त वाटला. बघतो तर काय – सगळ्या कुंड्या बोडक्या! जास्वंद गुडघ्याएवढी, मोगऱ्याच्या नुसत्या काड्या, गुलाबाचे खुंट. अक्का केर भरत होती. "बापू, किती वर्षं कात्री लावली नव्हतीस रे? आत सगळं लाकूड झालं होतं."
जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी
आज बोललो. नको तेवढं. "अक्का, हे माझं घर आहे. निदान विचारायचं तरी."
ती भाजी निवडत होती. हात थांबले. "तुझंच आहे रे," एवढंच म्हणाली.
भावजी गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. मी एकटा माणूस, दोन खोल्या, मोठ्या बहिणीला आणलं तेव्हा मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

१५ फेब्रुवारी
भाचा येऊन आईला आपल्या घरी घेऊन गेला. पिशवी तिने आधीच भरली होती. जिन्यात वळून म्हणाली, "आता पाणी कमी घाल. पानंच नाहीत तर पिणार कोण?"

१६ फेब्रुवारी
घर शांत. मला हवं होतं तसं.

२१ फेब्रुवारी
आज कुंड्यांपाशी बसलो. प्रत्येक काप तिरका. प्रत्येक काप फांदी फुटते त्या डोळ्याच्या जरा वर, आणि तो डोळा नेमका बाहेरच्या बाजूला बघणारा – म्हणजे नवी फांदी झाडाच्या पोटात घुसणार नाही. मी समजत होतो, तिने रागारागाने वाटेल तसं तोडलं.
चष्म्याच्या दुकानात जन्म गेला, आणि घरच्या झाडांचे डोळे कधी दिसले नाहीत.
मी का छाटत नव्हतो? शेंड्याला एखादं फूल असायचं. तेवढ्यासाठी अख्खी फांदी जपायचो.

२ मार्च
जास्वंदीला फुटवे. तांबूस, चिमणीच्या चोचीएवढे. अक्काला सांगावं म्हणून फोन केला. भाचेसुनेने उचलला. "मामा, आई बाळाला झोपवतायत. सांगते त्यांना." फोन आला नाही.

११ मार्च
सुट्टी होती, गेलो. अक्का बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपते. सकाळी उठून अंथरूण कपाटावर, पिशवी सोफ्याखाली. तिथे कुणी तिला वाईट वागवत नाही, हेही लिहायला हवं.
"मोगरा?" तिने आधी हेच विचारलं.
"हिरवा झालाय. अक्का, मी त्या दिवशी जास्तच बोललो."
"बोललास ते खरंच होतं."
मग बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लग्नानंतर पडद्याचा रंगसुद्धा मी कधी ठरवला नाही, बापू. तुझ्या भावजींना विचारायचं. त्या दिवशी कात्री हातात आली, आणि वाटलं – एवढं तरी विचारू नये कुणाला."
भाचेसून चहा घेऊन आली, विषय बदलला.

२० मार्च
आतली खोली रिकामी केली. माझी पुस्तकं बाहेर, खाट खिडकीपाशी. पडदे मात्र आणले नाहीत, तिचे ती आणील. तिला काय सांगायचं ते घोकतोय – ‘हे तुझंच घर समज.’ पण ‘समज’ हा शब्द खटकतो. जे खरं नसतं तेच समजायचं असतं.

२७ मार्च
मोगऱ्याला इतक्या कळ्या कधीच नव्हत्या. जिथे एक फांदी होती तिथे तीन-चार. रविवारी तिला आणायला जायचं ठरवलं. भाच्याला कळवलं. तो जरा घुटमळला. "मामा, तिच्याशीच बोला ना."

२९ मार्च
अक्काचाच फोन आला. एका शिवणाच्या दुकानात काम धरलंय, आणि त्याच गल्लीत एक खोली भाड्याने घेतलीय. ना लेकाला विचारलं, ना मला. "रविवारी चहाला ये," म्हणाली. "पण बापू, निघण्याआधी विचार हं, मी घरी आहे का ते."